बांधकाम भूखंडावर, वाहने गल्लीत

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे.

विषय : पुनर्विकासाच्या कामांवर येणाऱ्या कामगारांची वाहने आणि निवासी गल्ल्या.

महोदय,

पुण्याच्या जुन्या वसाहतींत चाललेल्या पुनर्विकासाचा सगळा हिशेब भूखंडाच्या कुंपणाशी थांबतो. किती चटईक्षेत्र मिळणार, किती मजले चढणार, सभासदाला किती वाढीव जागा आणि दरमहा किती भाडे मिळणार, हे सारे कागदावर असते. त्या बांधकामावर रोज सकाळी येणाऱ्या माणसांची वाहने मात्र कुंपणाबाहेर, शेजाऱ्यांच्या गल्लीत उभी राहतात. नकाशात त्यांना जागा नसते, परवानगीत त्यांचा उल्लेख नसतो आणि करारात त्यांचा खर्च धरलेला नसतो. ही वाहने बांधकामाचाच भाग आहेत. त्यामुळे त्यांची सोय लावणे हे बांधकाम करणाऱ्याचे काम आहे आणि ती सोय परवानगी देतानाच लेखी ठरली पाहिजे, एवढीच मागणी या पत्रात आहे.

कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर, सहकारनगर, मुकुंदनगर, प्रभात रस्त्याच्या गल्ल्या हे भाग बंगल्यांच्या आणि तीन-चार मजली सोसायट्यांच्या काळात आखले गेले. तेव्हा घरटी एखादी स्कूटर असे. या इमारती आता चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या आहेत. लिफ्ट नाही, गळती थांबत नाही आणि रहिवासी वयस्कर आहेत, म्हणून पुनर्विकास हवा आहे; त्यात गैर काही नाही. शासनानेही त्याला वाट करून दिली. सहकार कायद्याच्या कलम 79 (अ) खाली 4 जुलै 2019 रोजी निघालेल्या निर्देशांनी सोसायटीने ठराव कसा करावा, विकासक कसा निवडावा, बँक हमी किती घ्यावी याची पद्धत घालून दिली. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने रस्त्याच्या रुंदीनुसार चटईक्षेत्र आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) यांची गणिते ठरवली. मेट्रो स्थानकांच्या परिसरात त्याहून वाढीव चटईक्षेत्राची तरतूद झाली. परिणामी एकाच गल्लीत एकाच वेळी तीन-तीन, चार-चार इमारती पाडल्या जात आहेत.

या गल्ल्यांची रुंदी पूर्वीपासूनच वादात आहे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला तेव्हा टीडीआर वापरता येत नव्हता. म्हणूनच 2020 मध्ये महापालिकेच्या स्थायी समितीने सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव मंजूर केला आणि त्यावर शहरभर चर्चा झडली. ती चर्चा इमारत पूर्ण झाल्यावर वाढणाऱ्या वाहनांची होती. इमारत उभी राहत असताना दोन-तीन वर्षे त्याच गल्लीत येणाऱ्या वाहनांचा विषय तिच्यात आला नाही. त्यानंतरही तो कोणी पुढे आणला नाही, कारण बांधकाम हे तात्पुरते असते असे सगळे धरून चालतात. एक इमारत तात्पुरती असते हे खरे. पण एकीची वास्तुशांत होते तोवर शेजारची पाडायला घेतली जाते, आणि गल्लीच्या वाट्याला आठ-दहा वर्षे अखंड बांधकाम येते.

कामगारांच्या वाहनांची गर्दी सर्व काळ सारखी नसते. तिचा चढउतार बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे होतो, आणि उपाय ठरवण्यासाठी तो समजून घेणे आवश्यक आहे.

पाडकाम आणि खोदाई या पहिल्या टप्प्यात माणसे थोडी आणि यंत्रे मोठी असतात. पोकलेन, ब्रेकर, राडारोडा आणि मुरूम वाहणारे डंपर यांचा हा काळ. धूळ, आवाज, हादरे यांचा त्रास याच वेळी सर्वाधिक होतो आणि तक्रारीही याच वेळी येतात. कामगारांच्या वाहनांचा प्रश्न मात्र या टप्प्यात किरकोळ असतो.

दुसरा टप्पा सांगाड्याचा, म्हणजे आरसीसीचा. सेंटरिंगवाले, लोखंड बांधणारे आणि काँक्रीट टाकणारे यांच्या टोळ्या बहुधा परगावच्या असतात. मराठवाडा, उत्तर कर्नाटक, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, पश्चिम बंगाल अशा ठिकाणांहून मुकादम त्यांना आणतो. ते साइटवरच पत्र्याच्या खोल्यांत किंवा जवळच्या लेबर कॅम्पात राहतात. बांधकाम कामगारांसाठीच्या 1996 च्या केंद्रीय कायद्याने अशा तात्पुरत्या निवासाची सोय कामाच्या जागी किंवा शक्य तितकी जवळ आणि विनामूल्य करण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. साइटवर राहणाऱ्या कामगाराजवळ वाहन नसते. गल्ली अडते ती स्लॅबच्या दिवशी. समजा 300 चौरस मीटरचा स्लॅब तुळयांसकट 70 ते 75 घनमीटर काँक्रीटचा असेल, तर सहा घनमीटरच्या मिक्सरच्या बारा-तेरा खेपा होतात. तयार काँक्रीट साधारण दोन तासांत ओतावे लागते, त्यामुळे मिक्सर एकामागून एक येत राहतात. एक पंपाला लागलेला असतो आणि दुसरा गल्लीच्या तोंडाशी थांबलेला असतो. त्रास मोठा असला तरी तो ठराविक दिवसांचा असतो आणि तारीख आधी ठाऊक असते.

वाहनांची खरी गर्दी तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे फिनिशिंगच्या काळात होते. विटकाम, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, वायरिंग, टाइल्स, खिडक्यांचे स्लायडिंग, ग्रिलचे फॅब्रिकेशन, लिफ्ट, रंगकाम या प्रत्येक कामाचा ठेकेदार वेगळा असतो आणि त्याची माणसेही वेगळी असतात. ही मंडळी साइटवर राहत नाहीत. वारजे, शिवणे, उत्तमनगर, धायरी, नऱ्हे, कात्रज, येरवडा अशा भागांतून ती रोज येतात, आणि येतात ती दुचाकीवर. ठेकेदाराचा छोटा हत्ती, टाइल्सचा टेम्पो, सुपरवायझरची मोटार आणि नव्या सदनिका पाहायला येणाऱ्या ग्राहकांच्या गाड्या यांची त्यात भर पडते. बाहेरून पाहणाऱ्याला इमारत जवळजवळ झालेली दिसते आणि गल्ली मात्र पूर्वीपेक्षा अधिक तुंबलेली असते.

भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर चौथा टप्पा सुरू होतो. सभासद आणि नवे खरेदीदार आपापल्या सदनिकेत सुतारकाम, पीओपी, मॉड्युलर किचन करून घेतात. एकाच इमारतीत एका वेळी दहा-पंधरा सदनिकांची कामे चालू असू शकतात. विकासक म्हणतो, ताबा दिला, आता संबंध नाही. सोसायटी म्हणते, हे सभासदांचे खासगी काम आहे. या टप्प्याला धनीच नसतो, आणि नियमांच्या दृष्टीने तर बांधकाम संपलेलेच असते.

कामगार दुचाकीवर का येतो, याची कारणे साधी आहेत. कामाची जागा दर काही आठवड्यांनी बदलते. टाइल्सवाल्याजवळ कटर असतो, प्लंबरजवळ पाने आणि पाइप असतात, रंगाऱ्याजवळ बादल्या आणि रोलर असतात. हे सामान घेऊन गर्दीच्या बसमध्ये चढता येत नाही. उपनगरी वस्तीपासून कामाच्या गल्लीपर्यंत थेट बस क्वचितच असते. वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा मेट्रोचा पहिला टप्पा मार्च 2022 मध्ये सुरू झाला आणि आयडियल कॉलनी, नळ स्टॉप ही स्थानके थेट पुनर्विकासाच्या भागात आली. पण नऱ्ह्याला किंवा उत्तमनगरला राहणाऱ्या गवंड्याला त्या मार्गाचा उपयोग नाही. एका दुचाकीवर दोघे आले की प्रवासखर्च निम्मा होतो. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्याने यापेक्षा वेगळे काय करावे, याचे उत्तर कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. म्हणून या प्रश्नात कामगाराला दोषी धरणे चुकीचे आहे. तो वाहन रस्त्यावर लावतो, कारण आत लावायला त्याला मनाई असते आणि दुसरी जागा त्याला कोणी दाखवलेली नसते.

आता गल्लीच्या मापांचा हिशेब. विकास नियमावलीत दुचाकीसाठी एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब जागा धरली जाते. समजा एका साइटच्या चाळीस दुचाकी रस्त्याच्या कडेला आडव्या, ओळीने लावल्या, तर ओळ चाळीस मीटर लांब होते. दहा गुंठ्यांच्या भूखंडाची रस्त्यालगतची बाजू साधारण पंचवीस-तीस मीटर असते आणि तिचाही बराचसा भाग फाटक, वाळू, खडी आणि पत्र्यांनी व्यापलेला असतो. याचा अर्थ, एका साइटच्या दुचाकी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या दारापर्यंत हमखास पोचतात. समोरासमोर दोन साइट असतील तर गल्लीच्या दोन्ही कडा भरतात.

रुंदीचे गणित अधिक गंभीर आहे. नऊ मीटर रस्त्यातून दोन्ही बाजूंचे दीड-दीड मीटरचे पदपथ वजा केले की सहा मीटर उरतात. एका बाजूला रहिवाशांच्या मोटारी उभ्या असतात. त्यांची रुंदी आणि कडेपासूनचे अंतर धरून दोन मीटर जातात. समोर आडव्या दुचाकींची ओळ आणखी दोन मीटर खाते. मध्ये दोन मीटरची वाट राहते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची रुंदी 2.6 मीटरपर्यंत असू शकते आणि अग्निशमन दलाचा मोठा बंब या मर्यादेच्या जवळपासच असतो. म्हणजे ज्या रस्त्यावर उंच इमारतीला परवानगी मिळाली, त्याच रस्त्यावर ती बांधली जात असताना बंब आत येऊ शकत नाही. सहा मीटरच्या गल्लीत पदपथ बहुतेक नसतोच, पण उरणारी वाट तेवढीच असते आणि तिच्यातूनच पायी चालणारेही जातात.

परिणामांत पहिला क्रम आणीबाणीच्या सेवांचा आहे. या वसाहतींत एकटे राहणारे वृद्ध मोठ्या संख्येने आहेत. मुले परदेशी किंवा परगावी असतात. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबवून स्ट्रेचर हाताने न्यावे लागणे हा त्यांच्यासाठी जीवनमरणाचा विलंब ठरू शकतो. बांधकामावरच अपघात झाला, तर हाच विलंब कामगाराच्याही वाट्याला येतो.

दुसरा परिणाम पायी चालणाऱ्यांवर होतो. पदपथावर चढवलेल्या दुचाकी, शेजारी वाळूचा ढीग आणि पुढे पत्रे अशी रचना झाली की चालणारा रस्त्याच्या मध्यभागी येतो. शाळेच्या रिक्षा आणि व्हॅन फाटकासमोर थांबू शकत नाहीत, आणि मुले दोन वाहनांमधल्या फटीतून रस्त्यावर उतरतात. सोसायटीच्या फाटकाच्या दोन्ही अंगांना वाहने खेटून उभी असली की बाहेर पडणाऱ्या मोटारीला रस्ता दिसत नाही.

तिसरा परिणाम रोजच्या सेवांचा. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कर्मचाऱ्यांची ढकलगाडी, पाण्याचा टँकर, गॅस सिलिंडरची गाडी, पावसाळी गटारे साफ करणारे पथक या सगळ्यांना गल्लीची कडा मोकळी लागते. दिवसभर वाहने उभी असलेल्या कडेची झाडलोट होत नाही, पावसाळी जाळ्या तुंबतात आणि जूनमध्ये पहिल्या मोठ्या सरीत पाणी तळमजल्यात शिरते.

चौथा परिणाम सहसा मोजला जात नाही. पुनर्विकासात गेलेल्या इमारतीतले सभासद भाड्याने राहायला दूर जात नाहीत. मुलांची शाळा, डॉक्टर, मंडई जवळ राहावी म्हणून ते शेजारच्याच गल्लीत घर शोधतात आणि त्यांच्या मोटारीही तिथेच येतात. ज्या जुन्या इमारतीत भाड्याचे घर मिळते, तिच्यात वाहनतळ अपुरा असतो. त्यामुळे पाडलेल्या इमारतीची वाहने आणि नव्या बांधकामाची वाहने एकाच वेळी त्याच रस्त्यांवर लोटली जातात.

यातून रहिवासी आणि कामगार यांच्यात तंटे होतात. सकाळी आठला दारात दुचाकी लावली म्हणून बाचाबाची होते, कधी चाकातली हवा सोडली जाते, कधी सीट फाडली जाते. ‘फाटकासमोर वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल’ असे फलक पुण्यात जागोजाग दिसतात. त्यांना कायद्याचा आधार नाही. सार्वजनिक रस्त्यावर वाहतुकीची चिन्हे आणि मनाईचे फलक लावण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, 1988 ने शासनाला आणि त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला दिला आहे. सोसायटीला तो नाही. रस्त्याची कडा अडवण्यासाठी ठेवलेल्या कुंड्या, दगड आणि सिमेंट भरलेले डबे हेही अतिक्रमणच आहे. रहिवाशांचा त्रास खरा असला, तरी रस्ता त्यांच्या मालकीचा होत नाही.

आजवर योजले गेलेले उपाय तीन प्रकारचे आहेत आणि तिन्ही अपुरे आहेत. पहिला उपाय टोइंगचा. दुचाकी उचलून नेली की कामगाराचा दंड आणि अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. पण दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा तिथेच यायचे असते, आणि यावे लागण्याचे कारण ज्याने निर्माण केले त्या विकासकाला काहीच भरावे लागत नाही. दुसरा उपाय सम-विषम तारखांचा, म्हणजे पी-1, पी-2 चा. त्याने एक कडा मोकळी राहते, पण वाहनांची संख्या तीच असल्याने ओळ पुढच्या गल्लीत सरकते. तिसरा उपाय संपूर्ण गल्लीत वाहने लावण्यास मनाई करण्याचा. त्याने ज्यांच्या इमारतीत वाहनतळच नाही अशा जुन्या रहिवाशांचीच कोंडी होते. महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च 2018 मध्ये मंजूर केलेले पार्किंग धोरण रस्त्यावरच्या वाहनांकडून शुल्क घेण्याच्या मुद्द्यावर अडले. बांधकामांच्या वाहनांचा प्रश्न त्या वादात अडकवण्याची गरज नाही, कारण इथे जबाबदार पक्ष एकच आहे, ओळखता येणारा आहे आणि परवानगीसाठी महापालिकेच्याच दारात येणारा आहे.

त्रुटी नेमकी कुठे आहे, हे कागदपत्रे पाहिली की कळते. पुनर्विकासाच्या करारात सोसायटी आणि विकासक असे दोन पक्ष असतात. शेजारी त्यात कुठेच नसतो. बांधकाम परवानगीत नव्या इमारतीच्या वाहनतळाचे नकाशे तपासले जातात. बांधकामाच्या काळातल्या वाहनतळाचा रकाना नसतो. वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 117 नुसार शासनाने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, वापरता येतो. पुण्यात प्रत्यक्षात परवानगी बांधकाम विकास विभाग देतो, रस्ता पथ विभागाकडे असतो, अतिक्रमणे क्षेत्रीय कार्यालय पाहते आणि वाहने वाहतूक पोलीस पाहतात. तक्रार घेऊन गेलेला नागरिक या चार खिडक्यांमध्ये फिरत राहतो.

परवानगीला अशी अट जोडणे कायद्याच्या चौकटीत नवे नाही. बांधकाम राडारोड्याबाबतच्या 2016 च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला 20 टन किंवा महिन्याला प्रकल्पामागे 300 टनांहून अधिक राडारोडा निर्माण करणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी त्याच्या विल्हेवाटीचा आराखडा सादर करावा, असे बंधन घातले. ऑक्टोबर 2023 मध्ये हवा बिघडल्यावर मुंबई महापालिकेने बांधकामांभोवती 25 ते 35 फूट उंचीचे पत्रे, पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या वाहनांची चाके धुण्याची सोय अशा अटी लागू केल्या आणि न पाळणाऱ्यांना काम थांबवण्याच्या नोटिसा दिल्या. भूखंडाबाहेर पसरणाऱ्या धुळीची जबाबदारी विकासकावर टाकता येते, तशीच भूखंडाबाहेर पसरणाऱ्या वाहनांचीही टाकता येईल.

लंडनमध्ये नियोजन परवानगीबरोबर बांधकामाच्या वाहतुकीचा आराखडा मागण्याची पद्धत रुळलेली आहे. कोणती वाहने कोणत्या मार्गाने, कोणत्या वेळी येतील, कुठे थांबतील आणि कामगार कसे येतील, हे त्यात लिहावे लागते. रस्त्यावरची वाहनतळाची जागा बांधकामासाठी अडवायची असेल, तर त्या भागाच्या कौन्सिलकडे अर्ज करून शुल्क भरावे लागते. ब्रिटनमध्ये 1997 पासून शेजाऱ्यांशी कसे वागावे याची आचारसंहिता स्वीकारणाऱ्या बांधकामांची एक स्वतंत्र नोंदणी योजनाही चालते. तिथल्या कामगाराला उपलब्ध असणारी रेल्वे आणि बससेवा पुण्यात नाही. त्यामुळे ‘वाहन आणू नका’ ही तिथली अट इथे जशीच्या तशी लावता येणार नाही. घेण्यासारखे तत्त्व एवढेच की, काम सुरू होण्याआधी माणसे कशी येतील हे लिहून द्यावे.

पुण्याच्या परिस्थितीत पुढील व्यवस्था शक्य आहे.

बांधकामकाळातील वाहन आराखडा हा प्रारंभ प्रमाणपत्राच्या अर्जाचा आवश्यक भाग करावा. प्रत्येक टप्प्यात अपेक्षित कामगार, त्यांतले साइटवर राहणारे आणि रोज येणारे, त्यांच्या दुचाकींची संख्या आणि त्या लावण्याची जागा, एवढे चार रकाने त्यात पुरेत. जोते तपासणीच्या वेळी आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी महापालिकेचा अभियंता साइटवर येतोच. आराखड्याची अंमलबजावणी त्याच भेटींत तपासता येईल. नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

इमारतीचा स्वतःचा वाहनतळ कामगारांसाठी लवकर खुला करावा. भारतीय मानक 456 नुसार सर्वसाधारण परिस्थितीत साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवसांनी काढता येतात. सहा मीटरपेक्षा लांब तुळयांसाठी ही मुदत एकवीस दिवसांची आहे. वरच्या मजल्यांचा भार येत असल्याने प्रत्यक्षात टेकू अधिक काळ ठेवतात. तरीही वाहनांची गर्दी ज्या फिनिशिंगच्या काळात होते, तेव्हा तळमजल्याचे पार्किंग मोकळे होऊ शकते. आज तिथे टाइल्सची खोकी, सिमेंटची पोती, दरवाजांच्या चौकटी यांचे गोदाम झालेले असते. माल टप्प्याटप्प्याने आणणे आणि निम्मी जागा दुचाकींसाठी आखून देणे, एवढे केले तरी चाळीस दुचाकींना लागणारे ऐंशी चौरस मीटर आणि त्यांच्यापुढची वळायची जागा आतच मिळते. डोक्यावर काम चालू नसलेला, जाळी आणि स्वतंत्र वाट असलेला भागच त्यासाठी निवडावा.

तळमजला तयार होण्यापूर्वी किंवा भूखंड फारच लहान असेल तर जवळची जागा भाड्याने घ्यावी. कर्वे रस्ता, एरंडवणे, सहकारनगर या भागांत मंगल कार्यालये आहेत; लग्नाचे मुहूर्त सोडले तर कामाच्या दिवशी त्यांची आवारे रिकामी असतात. महापालिकेच्या वाहनतळांतही दिवसा ठराविक जागा मासिक दराने देता येईल. दर दुचाकीमागे रोज 20 रुपये धरले, तर तीस दुचाकींचा 26 दिवसांचा खर्च 15,600 रुपये होतो. कोट्यवधींच्या प्रकल्पात ही रक्कम विकासकाला जड नाही; कामगाराच्या खिशातून मात्र ती जाता कामा नये, हे अटीत स्पष्ट लिहिले पाहिजे. जागा दूर असेल तर माणसे आणि अवजारे साइटवर सोडण्यासाठी ठेकेदाराचा टेम्पो सकाळ-संध्याकाळ वापरता येतो.

स्लॅबच्या दिवसांसाठी रस्तावापराची आगाऊ परवानगी आणि शुल्क असावे. मिक्सरनी गल्लीत रांग न लावता मुख्य रस्त्यावरच्या नेमून दिलेल्या जागी थांबावे आणि फोन आल्यावर एकेकाने आत यावे. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा त्यातून वगळाव्यात. तारीख दोन दिवस आधी गल्लीतल्या सोसायट्यांना कळवावी.

एका गल्लीतल्या सर्व साइटचा विचार एकत्र व्हावा. आज प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्रपणे मंजूर होतो आणि गल्लीचा एकत्रित भार कोणी पाहत नाही. क्षेत्रीय कार्यालयाने गल्लीनिहाय चालू आणि मंजूर कामांची यादी ठेवावी. एकाच गल्लीत दोनपेक्षा अधिक कामे असतील, तर स्लॅबच्या तारखा, माल उतरवण्याच्या वेळा आणि वाहनतळाची जागा सर्व विकासकांनी मिळून ठरवावी. बंबासाठी किमान साडेतीन मीटरची सलग वाट मोकळी राहील, अशी रेषा रस्त्यावर आखून घ्यावी.

ताबा दिल्यानंतरच्या सुतारकामाला आणि सजावटीला धनी ठरवावा. भोगवटा प्रमाणपत्रानंतर ठराविक मुदतीपर्यंत आतील कामांच्या कामगारांची वाहने इमारतीच्या वाहनतळातच लावण्याची अट सोसायटी आणि विकासक या दोघांवर संयुक्तपणे असावी. त्या काळात बऱ्याच सदनिका रिकाम्या असतात आणि त्यांच्या वाट्याची वाहनतळाची जागाही रिकामीच असते. तरी फाटकावरचा रखवालदार कामगाराला बाहेर पिटाळतो, हे थांबले पाहिजे.

साइटच्या फलकावर प्रकल्पाच्या तपशिलाबरोबर कामगारांच्या वाहनांची नेमलेली जागा आणि जबाबदार सुपरवायझरचा दूरध्वनी लिहावा. फलक मराठीत आणि हिंदीत असावा, म्हणजे पहिल्याच दिवशी येणाऱ्या रंगाऱ्यालाही गाडी कुठे लावायची ते कळेल. आराखडा मोडल्यास दंड प्रकल्पावर बसावा, दुचाकीच्या क्रमांकावर नव्हे. वारंवार मोडल्यास पुढच्या टप्प्याची तपासणी रोखावी.

या व्यवस्थेवर काही आक्षेप येतील. पहिला असा की, खर्च शेवटी सदनिका घेणाऱ्यावर पडेल. वरच्या हिशेबाने तो नगण्य आहे. आणि आज तोच खर्च शेजारी, कामगार आणि महापालिकेचे सफाई खाते बिनबोभाट सोसत आहेत. दुसरा आक्षेप लहान विकासकांचा, की तीन-चार गुंठ्यांच्या भूखंडावर जागाच नसते. अशा कामांवर माणसेही थोडी असतात. त्यांच्यासाठी जवळची भाड्याची जागा किंवा गल्लीतल्या मोठ्या साइटशी करार एवढे पुरे. तिसरा आक्षेप असा की, रस्ता रहिवाशांच्याच मोटारींनी भरलेला असताना बोट बांधकामांकडे का दाखवावे. आक्षेप रास्त आहे. रहिवाशांच्या वाहनांचा प्रश्न स्वतंत्र धोरणाने सोडवावाच लागेल, आणि साडेतीन मीटरच्या वाटेची रेषा त्यांच्या मोटारींनाही तितकीच लागू राहील. चौथा आक्षेप अंमलबजावणीचा. मनुष्यबळ कमी आहे हे खरे. म्हणूनच तपासणी आधीपासून ठरलेल्या दोन भेटींना जोडली आहे आणि रोजची देखरेख फलकावरच्या दूरध्वनीमुळे गल्लीतल्या लोकांना करता येईल अशी ठेवली आहे.

महापालिकेने पहिले पाऊल म्हणून एक परिपत्रक काढावे: यापुढे प्रारंभ प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या प्रत्येक पुनर्विकास प्रस्तावासोबत बांधकामकाळातील वाहन आराखडा जोडलेला असावा. आधीच सुरू असलेल्या कामांना तो सादर करण्यासाठी मुदत द्यावी आणि तळमजल्याचा स्लॅब पूर्ण झालेल्या साइटना वाहनतळ खुला करण्याची सूचना द्यावी. फलक, मनाईची क्षेत्रे आणि मिक्सर थांबवण्याच्या जागा वाहतूक शाखेबरोबर एका बैठकीत ठरवता येतील. कोथरूड आणि एरंडवणे या दोन भागांत कामांची दाटी असल्याने सुरुवात तिथून करावी आणि एका वर्षाच्या अनुभवानंतर आराखड्याचा नमुना दुरुस्त करून तो सर्व क्षेत्रीय कार्यालयांना लागू करावा.

कळावे,
पुण्यातील एका जुन्या वसाहतीतील रहिवासी

प्रत : मा. पोलीस उपायुक्त (वाहतूक), पुणे शहर